ख्रिस्ती महिला उद्योजकांसाठीचं ब्रँडिंग-पीआर पॅकेज: वर्षभर वापरल्यावर

नूतनीकरणाचे पैसे कार्डावरून आपोआप जाणार असल्याचा बँकेचा मेसेज परवा आला, म्हणून हे आत्ताच लिहून टाकते. तुमचंही वर्ष याच सुमारास संपत असेल तर आधी तो मेसेज शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी तो यावा लागतो आणि तिथूनच व्यवहार थांबवता येतो. १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ओटीपी न विचारता जाते, आणि या पॅकेजची फी बरोबर त्याच्या आत आहे. मी मॅन्डेट, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द केला. आता कंपनी म्हणते, तीस दिवस आधी लेखी कळवायला हवं होतं. मला पाठवलेल्या एकाही कागदावर ही अट नाही. वाद चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

पॅकेजमध्ये काय काय येतं ते सविस्तर सांगत बसत नाही. लोगो, लेबल, ऑनलाइन सत्रं, ब्रँड स्टोरी, पोस्टचं कॅलेंडर, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पेपरात नाव आणून देण्याचं आश्वासन. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असतं.

मी वसईला बॉटल मसाला करून विकते. माहेर उत्तनचं, त्यामुळे मसाल्याचा हात घरातूनच आलेला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, धणे, तीळ, खसखस, गहू, हरभऱ्याची डाळ, दगडफूल, नागकेशर, जायपत्री हे सगळं वेगवेगळं भाजायचं, मग कुटायचं आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचं, म्हणजे उजेड आणि हवा लागत नाही. धंदा लहान आहे. या पॅकेजची फी म्हणजे माझ्या एका चांगल्या महिन्याचा नफा. तरी भरली, कारण त्याआधी एका सर्वसाधारण ब्रँडिंगवाल्याने मला पहिलाच सल्ला दिला होता की लेबलवरचं आडनाव काढा, ख्रिस्ती नाव पाहून गिऱ्हाईक बिचकतं. मला ते फार लागलं. म्हणून खास ख्रिस्ती बायकांसाठी काही आहे म्हटल्यावर मी तिकडे गेले. इथे निदान नाव लपवायला सांगणार नाहीत, एवढीच माझी अपेक्षा होती.

नाव लपवायला त्यांनी सांगितलं नाही, हे खरं. पण लेबलाचं जे केलं त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त झोप त्यात गेली.

लेबल तयार होऊन आलं ते थेट छापून. अंतिम नमुना मला दाखवलाच नाही. दर्शनी भागावर मोठा क्रूस, आणि त्याखाली बायबलमधल्या मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात' हे वचन, तेही माझ्या मसाल्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. मिठाचं वचन मसाल्यावर घालायची कल्पना त्यांना फार आवडलेली दिसली. आमच्या सासूबाईंनी ते वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला: रिकामी बाटली लोक कुठे टाकणार? कचऱ्यात. आणि त्याच वचनाचा पुढचा भाग काय आहे? खारटपणा गेलेलं मीठ बाहेर टाकलं जातं आणि माणसांच्या पायाखाली तुडवलं जातं. सासूबाई म्हणाल्या, शब्द आपणच छापायचा आणि आपणच पायाखाली द्यायचा, हे माझ्या घरातून होणार नाही. पन्नास-साठ वर्षं रोज पवित्र मिस्सेला जाणाऱ्या बाईला जे क्षणात दिसलं, ते ख्रिस्ती ब्रँडिंगचे पैसे घेणाऱ्यांपैकी एकालाही दिसू नये?

सासूबाईंच्या नकळत थोड्या बाटल्या आधीच दुकानात गेल्या होत्या. आठवड्याच्या आत गिऱ्हाइकांचे फोन. मसाल्यात मीठ घातलेलं आहे का? लेबलवर मीठ वाचून एका काकांनी भाजीत मीठ घातलंच नाही. दुसऱ्या एका बाईंच्या घरी रक्तदाबाचा रुग्ण, त्यांनी बाटली परत आणून दिली. माझ्या मसाल्यात मीठ नसतंच. खाण्याच्या वस्तूवर, त्यात नसलेल्या जिनसाचं नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात छापायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि या सगळ्याला जागा कुठून आली? निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन, पत्ता, अन्नसुरक्षा परवान्याचा (एफएसएसएआयचा) १४ अंकी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, हे सगळं कायद्याने लागतं. ते त्यांनी बाटलीच्या मागे इतकं बारीक कोंबलं होतं की मला चष्मा लावूनही वाचता येईना. उद्या तपासणीला अधिकारी आले तर तिथे वचन कामाला येणार नाही. दंड मलाच भरावा लागेल.

मी तक्रार केल्यावर उत्तर काय, तर 'श्रद्धा धाडसाने मांडा'. श्रद्धा मांडण्याची मला लाज नाही. माझं आडनाव लेबलवर आहे आणि राहणार आहे. पण बाटलीवरचं वचन पाहून विकत घेणारा माणूस मसाला विकत घेतो की वचन? आणि मसाला त्याला आवडला नाही तर त्याचं मन कशावरून उठणार? हा प्रश्न मी सत्रात विचारला तेव्हा सल्लागाराने पुढची स्लाइड लावली.

ग्रुपमधल्या कोहिमाच्या एका बाईंनी मात्र मला वेगळी बाजू दाखवली, तीही सांगायला हवी. नागालँडमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार जवळजवळ ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत. तिथे दुकानाच्या पाटीवर वचन असणं ही रोजची गोष्ट आहे, कोणी त्याकडे वळूनही पाहत नाही. त्यांच्या लोणच्याच्या बरण्यांवर वचन आहे आणि ते तिथे शोभतं. वसईत माझं गिऱ्हाईक कुपारी म्हणजे इथलं ख्रिस्ती आहे, वाडवळ आहे, गुजराती आहे, मुसलमान आहे. एकच लेबल दोन्हीकडे चालवायचं म्हणजे दोन्ही गावं न पाहता सल्ला देणं.

नावाचंही तसंच. त्यांनी मसाल्याला संताचं नाव सुचवलं होतं. मी ट्रेडमार्कच्या वकिलांना विचारलं. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये, कोणाच्या धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हाला नोंदणी मिळत नाही. शिवाय २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव कोणा एकाच्या मालकीचं करायला नकार दिलेला आहे. म्हणजे संताचं नाव घेतलं तर अर्ज अडकण्याची भीती, आणि नोंदणी नाहीच मिळाली तर उद्या शेजारचा तेच नाव लावेल आणि मला काही करता येणार नाही. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्यांनी हे आधी सांगायचं असतं.

ब्रँड स्टोरीवर थोडक्यात. 'गोव्याची पाचशे वर्षं जुनी पोर्तुगीज पाककृती' असं लिहून आलं. मी उत्तनची, मसाला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा, गोव्याचा संबंध काय? मुंबईत नोकरीला आलेल्या गोवेकर आणि मंगळुरी ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून तर आमच्या लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी संघटना काढली. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली हे मान्य. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. मसाला कुटणाऱ्या बायका आधीही इथल्याच होत्या, नंतरही इथेच राहिल्या. त्या बायकांचा स्टोरीत उल्लेखही नव्हता.

मग साक्षीचा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणारा, व्हिडिओ. घरातल्या आजारपणाबद्दल कॅमेऱ्यासमोर बोला, भावना येऊ द्या, शेवटी बाटली दाखवा. मी नाही म्हटलं. आमच्या घरचं आजारपण आमच्या घरातल्या माणसाचं आहे, माझ्या विक्रीचं नाही. बायबलमधल्या नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय हे लोक प्रत्येक सत्रात काढतात. त्यातली बाई शेत पारखून विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, कापड करून व्यापाऱ्यांना विकते. तिची पारख, तिचा हिशेब, तिचा माल याबद्दल वर्षभरात एक शब्द निघाला नाही. चेहरा प्रसन्न कसा ठेवावा यावर मात्र दोन सत्रं झाली.

कॅलेंडरही आमच्या कामाचं नाही. त्यात थँक्सगिव्हिंग आहे, ब्लॅक फ्रायडे आहे. आमच्याकडे धंदा चालतो तो ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाच्या हिशेबाने. त्या चाळीस दिवसांत लग्नं नसतात, मांसाहार कमी होतो, मसाला हलत नाही. ईस्टर झाला की एकदम मागणी, मग मेमधली लग्नं, पुढे नाताळ आणि जानेवारीपर्यंतची लग्नं. ईस्टर २०२५ साली २० एप्रिलला होता, २०२६ साली ५ एप्रिलला. पंधरा दिवसांचा फरक म्हणजे मिरची कधी उचलायची, पैसे कुठे अडकवायचे, सगळं बदलतं. त्यांच्या कॅलेंडरमध्ये उपवासकाळ शोधूनही सापडत नाही.

नूतनीकरणाचं सोडून इथपर्यंतचं मी नाताळातच लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी एक तारा देणार होते. जानेवारीनंतर माझं मत बदललं, ते एका व्यक्तीमुळे.

आमचे सल्लागार सोडून गेले आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात काम केलेल्या. पहिल्याच सत्रात त्यांनी माझा प्रेसनोट मोठ्याने वाचायला लावला आणि विचारलं, "यात बातमी कुठे आहे? तुमचा मसाला चांगला आहे ही बातमी नाही. गावात काय घडतंय ते सांगा." मी सांगितलं की हाताने कुटणाऱ्या बायका आता थोड्याच उरल्यात, आणि यंदा त्यांच्यासोबत दोन तरुण मुली मुसळ धरायला शिकणार आहेत. मॅडम म्हणाल्या, हेच लिहा. चार वाक्यं. कुठे, कधी, कोण, आणि उचलला जाईल असा फोन नंबर. फोटो बाटलीचा नको, कुटणाऱ्या हातांचा द्या, आणि त्या बायकांना विचारून द्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी पाठवा, कारण हंगाम संपल्यावर ती बातमी राहत नाही. आणि छापण्यासाठी कोणी पैसे मागितले तर ती जाहिरात आहे. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून द्या. सोशल मीडियावर कोणाला पैसे किंवा फुकट माल देऊन लिहून घेतलं तर तेही तसं नमूद करावं लागतं, जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत.

ईस्टरच्या आधी मी तो प्रेसनोट मराठी पेपरांच्या स्थानिक प्रतिनिधींना पाठवला. एकाने फोन केला, स्वतः येऊन फोटो काढले, आणि बातमी लागली. एक रुपया न देता. त्या आठवड्यात ज्या ऑर्डरी आल्या त्यात कितीतरी लोक असे होते ज्यांनी बॉटल मसाला कधी ऐकलाही नव्हता. त्यांनी आडनाव वाचलं होतं आणि त्याच आडनावाने फोन केला. कोणीही बिचकलं नाही. पहिल्या ब्रँडिंगवाल्याला मी ते कात्रण पाठवलं आहे.

मॅडमचा दुसरा उपयोग एका तक्रारीच्या वेळी झाला. एका गिऱ्हाइकाने बाटलीत बुरशी आल्याचा फोटो टाकला. माझं पहिलं मन म्हणालं, ओला चमचा घातला असेल. मॅडमनी ते लिहू दिलं नाही. आधी बाटली परत घ्या, पैसे द्या, कोणत्या घाण्यातली, म्हणजे कोणत्या वेळी कुटलेल्या मालातली, आहे ते शोधा, त्याच घाण्यातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करा, आणि मग जे सापडेल ते खरं तेवढं जाहीर लिहा. बाकीच्या बाटल्या व्यवस्थित निघाल्या. मी तसं लिहिलं, कारण सांगितलं नाही, दोष दिला नाही. ते गिऱ्हाईक आजही मसाला नेतं. आता प्रत्येक बाटलीवर घाणा क्रमांक असतो. माझ्या मते हे काम कुठल्याही वचनापेक्षा जास्त ख्रिस्ती होतं, आणि त्यासाठी लेबलवर काही छापावं लागलं नाही.

तर तारे तीन. एक ग्रुपमधल्या बायकांसाठी, दोन मॅडमसाठी. लेबल, स्टोरी, व्हिडिओ आणि कॅलेंडर यांना काही नाही. घ्यायचंच असेल तर छपाईआधी अंतिम नमुन्यावर तुमची सही लागेल हे लेखी घ्या, आणि सल्लागार नेमकं कोण असणार ते विचारून घ्या, कारण सगळा फरक तिथेच पडतो.

छापलेली लेबलं कपाटात आहेत. वचन असल्यामुळे सासूबाई ती रद्दीत देऊ देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. फादरांना विचारलं, ते म्हणाले आदराने जाळून टाका. छपाईच्या पैशाचा निकाल लागेपर्यंत मात्र ती पुरावा म्हणून ठेवणार आहे. मॅडमची सत्रं वेगळी विकणार असाल तर मी आज पैसे भरते, असं कंपनीला कळवलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथे लिहीन.