‘द सेंट इन न्यू यॉर्क’ (1938): पहिला आणि सगळ्यात धारदार सायमन टेम्पलर

सायमन टेम्पलर, म्हणजे ‘द सेंट’ या टोपणनावाचा कथानायक, म्हटलं की बहुतेकांना रॉजर मूर आठवतो. 1962 ते 1969 या काळातली ती टीव्ही मालिका, डोक्यावर उमटणारं तेजोवलय, भुवई किंचित वर. पण हे पात्र पडद्यावर पहिल्यांदा आलं ते त्याच्या खूप आधी, 1938 साली. आरकेओ स्टुडिओचा ‘द सेंट इन न्यू यॉर्क’, दिग्दर्शक बेन होम्स, नायक लुई हेवर्ड. मूरचा टेम्पलर सुसंस्कृत साहसवीर आहे. हेवर्डचा टेम्पलर माणसं मारायला आलाय, आणि हे काम त्याला मनापासून आवडतंय. त्याच्या आकर्षकपणाखालची ही धार पुढच्या चित्रपटांत बोथट होत गेली. म्हणून सेंटची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

कथा लेस्ली चार्टरिसच्या 1935 च्या कादंबरीवरची. न्यू यॉर्कमध्ये टोळ्यांनी थैमान घातलंय, साक्षीदार फुटतात, आरोपी सुटतात. हैराण झालेल्या प्रतिष्ठित नागरिकांची समिती व्हॅलक्रॉस या सदस्याच्या आग्रहावरून टेम्पलरला दक्षिण अमेरिकेतून बोलावून घेते आणि त्याच्या हातात सहा गुंडांची यादी ठेवते. या सहांच्या वर ‘बिग फेलो’ नावाचा कुणीतरी सूत्रधार आहे, पण त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. पोलिस निरीक्षक फर्नॅकला हा सगळा उद्योग अजिबात मान्य नाही. यापुढचं कथानक सांगण्यात अर्थ नाही.

हे सगळं त्या वेळच्या प्रेक्षकाला कपोलकल्पित वाटलं नसणार. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली तेव्हा टोळ्या संपल्या नाहीत, त्यांनी खंडणीचे धंदे वाढवले. 1935 मध्ये थॉमस ड्यूई खास सरकारी वकील म्हणून नेमला गेला, त्याच वर्षी टोळीप्रमुख डच शुल्ट्झ गोळ्या लागून मेला आणि 1936 मध्ये दुसरा टोळीप्रमुख लकी लुचियानो याला शिक्षा झाली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा ही नावं वर्तमानपत्रांतून रोजची झाली होती. वास्तवात ड्यूईने साक्षी-पुरावे गोळा करून जे केलं, ते इथे एक हसरा माणूस पिस्तुलाने करतो.

आता यातली खरी गंमत. 1934 पासून हॉलिवूडमध्ये निर्मिती-संहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही ते ठरवणाऱ्या नियमांची, कडक अंमलबजावणी सुरू झाली होती. आधुनिक काळातल्या कथेत सूडाचं समर्थन करायचं नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. कायद्याची टिंगलही चालायची नाही. मग कायदा हातात घेऊन माणसं टिपणारा नायक पडद्यावर आला कसा? इथे पटकथेची कारागिरी बघण्यासारखी आहे. पहिला बळी आयर्बोल. तो फर्नॅकवर गोळी झाडायच्या बेतात असतानाच टेम्पलर त्याला उडवतो. म्हणजे खून झाला, पण एका पोलिस अधिकाऱ्याचा जीवही वाचला. पुढे पळवून नेलेल्या एका लहान मुलीची सुटका येते, तिथेही हिशेब तोच: समोर निष्पाप जीव धोक्यात, म्हणून गोळी क्षम्य. कादंबरीतला नादर हा भ्रष्ट न्यायाधीश आहे, चित्रपटात तो वकील झालाय, कारण न्यायासनावर बसलेला माणूस विकला गेलेला दाखवणं अवघड होतं. ही तडजोड लक्षात ठेवून चित्रपट पाहिला की प्रत्येक हाणामारीआधी पटकथाकार नायकासाठी सबब कशी तयार ठेवतात ते दिसत जातं. तरीही हेवर्डच्या चेहऱ्यावरचा आनंद त्यांना झाकता आलेला नाही. चित्रपटाला धार आहे ती त्यामुळेच.

आयर्बोलच्या त्या प्रसंगात टेम्पलर ननच्या वेषात येतो. हा प्रसंग विनोदी करून टाकणं सहज शक्य होतं. होम्स तसं करत नाही. वेषांतराची मजा तो प्रेक्षकाला घेऊ देतो, पण गोळी सुटते तेव्हा हसू येत नाही. पूर्ण चित्रपटाचा सूर या एका जागी पक्का होतो.

हेवर्ड मूळचा जोहान्सबर्गचा, घडला ब्रिटिश रंगभूमीवर. त्याचा टेम्पलर एका जागी ठरत नाही, बोलतो भराभर, आणि हसतो ते बहुधा समोरच्याने पिस्तूल रोखलेलं असताना. जोनाथन हेलचा फर्नॅक त्याच्यासमोर दमलेला, सरळमार्गी वाटतो, आणि दोघांच्यातला नाइलाजाचा स्नेह अगदी खरा उतरलाय. हेवर्डनंतर टेम्पलर झालेल्या जॉर्ज सँडर्सबरोबरही हेलने पुढे हीच भूमिका केली. मार्क्स बंधूंच्या विनोदी चित्रपटांत फजिती होणारा झिग रूमन इथे हच रेलिन म्हणून चक्क भीतीदायक आहे. छायाचित्रणात जोसेफ ऑगस्टचा हात आहे. अंधाऱ्या खोल्या आणि टोपीच्या सावलीत बुडालेले डोळे पाहिले की कमी खर्चाच्या या चित्रपटाला एवढा रुबाब कुठून आला ते कळतं.

उणिवाही आहेत. सहा गुंड आणि लांबी सुमारे 70 मिनिटं, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम बारा मिनिटं. त्यामुळे मधल्या भागात रेलिन, पॅपिनॉफ, फॅन्रो, जेंक्स ही नावं भराभर कानांवर आदळतात आणि कोण कुणाचा माणूस हे निसटतं. पहिल्या दहा मिनिटांत यादी नीट ऐकून ठेवा, पुढचं सोपं जाईल. के सटनची फे एडवर्ड्स दिसते छान, तिच्यात एक थंड उदासीही आहे, पण टेम्पलरवर तिचा जीव इतक्या झटपट जडतो की शेवटाकडचे तिचे प्रसंग हवे तेवढे भिडत नाहीत. ‘बिग फेलो’ कोण, हे सराईत प्रेक्षक अर्ध्यातच ओळखेल. पात्रंच मोजकी असल्यामुळे लपायला जागा उरत नाही.

प्रत निवडताना मात्र काळजी घ्या. आरकेओच्या जुन्या चित्रपटांचे टीव्हीचे हक्क 1955 मध्ये सी अँड सी कंपनीकडे गेले आणि टीव्हीसाठी 16 मिलिमीटरच्या प्रती निघाल्या. सुरुवातीला आरकेओचं बोधचिन्ह असलेला मनोरा न दिसता सी अँड सीचं नाव दिसलं तर ती प्रत त्याच वंशातली समजावी. अशा प्रतींत काळा रंग गिचमिड होतो, आवाजात खरखर असते आणि ऑगस्टच्या सावल्या वाया जातात. दुसरं, युरोपातल्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला 24 ऐवजी 25 चौकटींनी धावतो. लांबी साधारण तीन मिनिटांनी कमी भरते आणि आवाज किंचित चिरका लागतो. त्या प्रतीत काही कापलं असेल असं समजू नका. तिसरं, मूळ चौकट 1.37:1 ची, जवळपास चौकोनी. पडदा आडवा भरलेला दिसला तर चित्राचा वरचा-खालचा भाग कापला आहे किंवा माणसं ताणून रुंद केली आहेत. टीव्हीची झूमची सोय बंद करा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. जॉर्ज सँडर्सच्या नावाने निघालेल्या पाच चित्रपटांच्या संचात हा चित्रपट शोधू नका. यात सँडर्स नसल्यामुळे तो त्यात नाही.

यानंतर 1939 चा ‘द सेंट स्ट्राइक्स बॅक’ घ्यावा. सँडर्सचा मखमली, आळसावलेला टेम्पलर लगेच पाहिला की हेवर्डची चपळाई जास्त कळते. हेवर्ड स्वतः ही भूमिका करायला परत आला तो थेट 1953 मध्ये, तो चित्रपट सवडीने पाहिला तरी चालेल. कादंबरी चित्रपटानंतरच वाचा, आधी वाचली तर ‘बिग फेलो’चं गुपित हातचं जाईल.