मस्टँग जीटी आणि स्विफ्ट: एकाच घरात आठ महिने

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी २०१७ सालची, आधी एका मालकाने वापरलेली फोर्ड मस्टँग जीटी विकत घेतली. त्याआधी काही महिने घरात नवी मॅन्युअल स्विफ्ट आलेली होती. या आठ महिन्यांत स्विफ्ट सुमारे ९,००० किलोमीटर धावली, तर मस्टँग जेमतेम १,९०० किलोमीटर. पुढचे सगळे वाचताना हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण हा फरक मी ठरवून केलेला नाही, तो आपोआप पडत गेला.

कागदावर या दोन गाड्यांची तुलनाच होत नाही. मस्टँगचे इंजिन ५ लिटरचे, आठ सिलिंडरचे असून भारतात ते सुमारे ४०० पीएस (अश्वशक्ती) शक्ती आणि ५१५ एनएम टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते. स्विफ्टचे तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन ८२ पीएस आणि ११२ एनएमवर थांबते. परंतु मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा सपाटीला कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि तो वेग मस्टँग पाचेक सेकंदांत गाठते. म्हणजे ज्यासाठी एवढे पैसे मोजले, ते सुख कायद्याच्या चौकटीत पाच सेकंदांचे. उरलेला प्रवास मोठे इंजिन खालच्या आवाजात गुरगुरत असते आणि मी कॅमेऱ्यांच्या कमानी मोजत असतो.

तरीही ते पाच सेकंद क्षुल्लक आहेत, असे मी म्हणणार नाही. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर मालवाहू ट्रकांची रांग लागलेली असते. तिथे स्विफ्टला दुसऱ्या गिअरवर आणून, एसी बंद करून, पुढची मोकळी जागा आधी हेरून मगच ओलांडण्याचा विचार करावा लागतो. मस्टँगमध्ये पाय किंचित दाबला की ट्रक आरशात गेलेला असतो. मात्र गंमत अशी की, स्विफ्टने तोच ट्रक ओलांडल्यावर काही तरी कमावल्यासारखे वाटते. लहान गाडीचे सगळे इंजिन, सगळे गिअर आपण रोज वापरतो, आणि मोठ्या गाडीतला बराचसा भाग आपण केवळ बाळगतो.

इंधनाचा हिशोब मी टाकी भरून, किलोमीटर लिहून ठेवून केला आहे. पुण्यात कोथरूड ते नगर रस्ता अशा गर्दीच्या फेऱ्यांत मस्टँगने लिटरला साडेपाच किलोमीटर दिले, महामार्गावर नऊच्या आसपास. स्विफ्टचे हेच आकडे साडेसतरा आणि बावीस. पेट्रोल १०४ रुपये धरले, तर शहरात एका किलोमीटरला अनुक्रमे जवळजवळ १९ आणि ६ रुपये पडतात. विमा आणि १९ इंची टायर हे खर्च वेगळेच. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केलेला असल्यामुळे, खरेदीपूर्वी मी गाडीपेक्षा जाणत्या मेकॅनिकचीच चौकशी अधिक केली होती.

पण खरे सांगायचे तर मला पैशापेक्षा जागेने अधिक दमवले. मस्टँगची रुंदी आरसे सोडून १,९१६ मिलिमीटर आहे आणि आमच्या सोसायटीतील पार्किंगची जागा अडीच मीटरची. मधोमध गाडी उभी केली, तर दोन्ही बाजूंना एकेक वीत आणि वर चार बोटे उरतात. त्यात दोनच दारांच्या गाडीची ती लांबलचक दारे. माझे वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एकदा ते कौतुकाने आत बसले, परंतु बाहेर निघताना त्यांना दोघांचा हात धरावा लागला, आणि त्यानंतर त्यांनी स्विफ्टच काढायला सांगितले. गतिरोधकांचेही तसेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढत जाणारा असायला हवा. आमच्या गल्लीतला मात्र रातोरात ओतलेला काँक्रीटचा वरवंटा आहे, आणि त्यावर मस्टँगचे पोट दोनदा घासले. तेव्हापासून मी ती तिरकी चढवतो आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवत राहतात.

वाईजवळच्या आमच्या गावी शेवटचा एक किलोमीटर रस्ता मातीचा आहे, त्यामुळे तिकडे मस्टँग अजून गेलेलीच नाही. तिची वेळ म्हणजे रविवारी पहाटे साडेपाच: खेड शिवापूरपर्यंत जायचे, चहा घ्यायचा आणि रस्ता जागा होण्याआधी परत यायचे. पावसाळ्यासाठी मोड आहे, पकडही चांगली राहते. परंतु पाण्याखाली खड्डा किती खोल आहे, हे कोणताही मोड सांगत नाही.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्यावर आवरण घातले आणि बॅटरीला चार्जर जोडून ठेवला. विकण्याचा विचार दोनदा मनात आला. दोन्ही वेळा सोमवार होता.