हिंकल फील्डहाउस, इंडियानापोलिस: दुपारच्या सामन्याचंच तिकीट काढा

आमच्याकडे भारतातून कुणी आलं की मी त्यांना आधी हिंकलला नेते. बटलर विद्यापीठाचं हे बंदिस्त बास्केटबॉल स्टेडियम 1928 सालचं आहे. विटांच्या भिंती, पोलादी कमानींचं छप्पर आणि उंचच उंच खिडक्या. हिवाळ्यातल्या दुपारी त्या खिडक्यांतून तिरपं ऊन लाकडी कोर्टवर उतरतं, म्हणून रात्रीचा सामना नको.

वरच्या भागात नुसते बाक आहेत, पाठ टेकायची सोय नाही. आईला अर्ध्या सामन्यातच कंबर धरून उठावं लागलं. वयस्कर मंडळी असतील तर खालच्या खुर्च्यांचे जास्तीचे पैसे खुशाल मोजा.

मी नागपूरला कॉलेजच्या संघातून खेळायचे. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगला जाळीच नाही, सगळ्या संघात मिळून चार चेंडू आणि त्यातले दोन पार गुळगुळीत झालेले. स्पर्धेच्या आधी आठवडाभर एक सर येऊन शिकवायचे, तेवढंच. हरलो की आम्ही म्हणायचो, साधनंच नाहीत तर काय करणार! हिंकलमध्ये बसून बटलरची गोष्ट कळली तेव्हा वाटलं, साधनांपेक्षा वर्षभर शिकवणारा माणूस आम्हाला जास्त हवा होता.

ब्रॅड स्टीव्हन्स एलाय लिली या औषध कंपनीतली नोकरी सोडून 2000 मध्ये बटलरला आले आणि 2007 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. तेव्हा वय जेमतेम तीस. 2010 च्या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या संघानं अंतिम फेरीआधीच्या पाचही सामन्यांत समोरच्याला 60 गुणांच्या आत रोखलं. असा बचाव विकत मिळत नाही, रोज घोटून घ्यावा लागतो. अंतिम सामना याच शहरात, ड्यूक विद्यापीठाशी. 61-59 असा निसटला. गॉर्डन हेवर्डनं जवळजवळ अर्ध्या कोर्टवरून मारलेला शेवटचा चेंडू बोर्डाला आणि रिंगला लागून बाहेर पडला. मग हेवर्ड एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, गेला. तरीही 2011 मध्ये हा संघ पुन्हा अंतिम फेरीत! तिथे मात्र 64 प्रयत्नांत फक्त 12 बास्केट पडले आणि कनेक्टिकट विद्यापीठानं 53-41 असं हरवलं.

पैशाची बाजू पुढे दिसली. 2013 मध्ये स्टीव्हन्सना एनबीएमधल्या बोस्टन सेल्टिक्स संघानं नेलं, 2017 मध्ये तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ख्रिस होल्टमन ओहायो स्टेट विद्यापीठाला गेले. माणूस घडवणं आणि त्याला टिकवणं यांचा खर्च वेगवेगळा असतो. 2025 पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची. अमेरिकन फुटबॉलची मोठी कमाई नसलेल्या बटलरचं यात कसं निभावणार, याची मला खरोखर काळजी वाटते.

एक नक्की करा: तासभर आधी जा. गेल्या खेपेला एक सहायक प्रशिक्षक एका पोराला पास घेताना डावं पाऊल आधी कसं टेकवायचं ते दाखवत होते. पुन्हा, पुन्हा, न वैतागता. त्या दिवशी तो पोरगा बाकावरच बसून राहिला. माझी लेक घरी आल्यावर अंधार पडेपर्यंत गॅरेजसमोर तेच पाऊल घोटत होती.