बीपीटीएच: तीन वर्षं काढल्यावर

नीटचा निकाल लागला की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. एमबीबीएस नाही तर बीडीएस, तेही नाही तर बीएएमएस, आणि यादीच्या तळाशी कुठेतरी फिजिओथेरपीची पदवी, म्हणजे बीपीटीएच. ही उतरंड डोक्यात ठेवून या कोर्सला येऊ नका, हे चौथ्या वर्षाच्या तोंडावर उभी राहून अगदी मनापासून सांगतेय. ज्याला हाताने काम करायला आवडतं आणि पेशंटशी बोलायचा कंटाळा नाही, त्याने तो पहिल्या पसंतीला टाकावा.

पहिलं वर्ष जड जातं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि जोडीला व्यायामोपचार व इलेक्ट्रोथेरपीची तोंडओळख. डिसेक्शन हॉलमधला फॉर्मेलिनचा वास डोळ्यांना झोंबतो, पण ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जाळ्याच्या, सी-५ ते टी-१ या मुळांची गुंफण एकदा प्रत्यक्ष बोटाने चाचपली की पाठांतराची गरज उरत नाही. दुसऱ्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी वगैरे वाचून पार पडतं.

खरा कोर्स वॉर्डात सुरू होतो. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी होत्या. आपण पाय उचलून धरला तर गुडघा पूर्ण सरळ व्हायचा, त्यांनी स्वतः करायला घेतला की शेवटचे काही अंश राहून जायचे. गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा, मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे धरून तो फरक रोज मोजायचा. सांध्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू दबून जातो, स्नायूला काहीही झालेलं नसलं तरी. हे पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं तिथे. ‘आजी, गुडघ्याखालचा टॉवेल दाबा, वाटी वर ओढा, आता पाच आकडे मोजा,’ असं सांगत रोज तेच करून घ्यायचं. गोनिओमीटरवरचा आकडा कमी होत गेला तशी आजींची वॉकरवरची पकडही सैल होत गेली. गोळी लिहून देण्यात हे समाधान मिळत असेल का, मला शंका आहे.

‘तुम्ही मालिशवाले ना?’ हे वॉर्डात अजूनही ऐकावं लागतं आणि ते मनाला लागतं. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे शिक्षण सुरू झालं, त्यामागे पोलिओने लुळी पडलेली मुलं होती. आज आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या छातीतला कफ मोकळा करायला आम्हीच उभे असतो.

आता कॉलेजबद्दल. सरकारी आणि खासगी फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण फीपेक्षा आधी पेशंट बघा. माझ्या कॉलेजात मशिनं चकाचक आणि ओपीडी दुपारनंतर ओस. न्यूरोच्या पोस्टिंगला अर्धांगवायूचा एकेक पेशंट आम्ही चौघी-चौघी वाटून घ्यायचो. माझी ही एकच तक्रार आहे, पण ती छोटी नाही. हाताला सवय लागल्याशिवाय स्नायूच्या ताकदीची शून्य ते पाच ही प्रतवारीसुद्धा नीट देता येत नाही. इंटर्नशिपला पाठ्यवेतन मिळतं का, हे सीनियर्सना विचारा, ऑफिसला नव्हे.

आम्हाला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा साडेचार वर्षांचा कोर्स आहे, त्यात सहा महिने इंटर्नशिप. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि त्याने पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला, ज्यात इंटर्नशिपच वर्षभराची आहे. माझ्या मते हे चांगलंच झालं. तुमच्या बॅचला कोणता लागू होणार, ते प्रवेशाआधी पक्कं करून घ्या. आणि पसंतीक्रम भरण्यापूर्वी एखाद्या कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, त्या कॉलेजच्या ओपीडीत जाऊन बाकांवर किती पेशंट बसलेत ते स्वतः बघून या.