सोळाव्या वर्षी टॅटू, अठरापर्यंत धीर की आधी तात्पुरती शाई?

"माझं शरीर आहे, मी ठरवणार," असं मुलं म्हणतात. "अठरा पूर्ण झाली की काय ते कर," असं आईवडील म्हणतात. या वादात एक गोष्ट कोणीच बोलून दाखवत नाही: नकार मिळालेलं प्रत्येक मूल दोन वर्षं थांबतंच असं नाही. काही जण मित्राकडून शिवणाची सुई आणि पेनातली शाई वापरून काम उरकून घेतात. म्हणून इथे तुलना चार पर्यायांची केली आहे: सोळा-सतराव्या वर्षी पालकांच्या संमतीनं चांगल्या स्टुडिओत, अठरानंतर, तात्पुरती शाई आणि घरगुती सुई. घरात चर्चा पहिल्या दोनांवरच होते. सर्वाधिक नुकसान मात्र चौथ्यातून होतं.

आधी कायदा

काही ठिकाणी हा प्रश्न कायद्यानंच निकालात काढलेला आहे. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला टॅटू करणं गुन्हा आहे. पालकांनी संमती दिली तरी चालत नाही. डेन्मार्कचा १९६६ चा कायदा अठराची अट घालतोच, शिवाय चेहरा, मान आणि हाताच्या पंजावर प्रौढांनाही टॅटू करू देत नाही. फ्रान्समध्ये पालकांची लेखी संमती लागते. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये अठराखाली सरळ बंदी आहे. टेक्सासमध्ये पालक हजर असतील तरच, आणि तेही आधीचा आक्षेपार्ह टॅटू झाकण्यापुरतं. थोडक्यात, तिथे पहिली चूक झाकता येते, पहिला टॅटू करता येत नाही.

कायदा आडवा येत नसला तरी अनेक चांगले आर्टिस्ट अठराखालच्यांना हात लावत नाहीत. पंधरा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा न विचारता खुर्चीत बसवणारा स्टुडिओ सुयांच्या बाबतीत काटेकोर असेल, अशी आशा धरू नका.

डोकं तयार असतं का?

"या वयात अक्कल नसते" हे अर्धंच खरं आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ देशांतल्या १० ते ३० वयोगटातल्या पाच हजारांहून अधिक जणांची चाचणी घेतली होती. शांतपणे, वेळ घेऊन विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास प्रौढांच्या पातळीला पोचते. उत्तेजित अवस्थेत किंवा मित्रांसमोर स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र अठरानंतरही विकसित होत राहते. टॅटूच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. घरी बसून सहा महिने घोळवलेला निर्णय सोळाव्या वर्षीही भक्कम असू शकतो. सहलीत चार मित्रांसोबत तासाभरात घेतलेला निर्णय एकोणिसाव्या वर्षीही कच्चाच असतो.

"तुझी आवड बदलेल" हा पालकांचा मुद्दा बरोबर आहे, पण तो त्यांनाही लागू होतो. २०१३ च्या एका संशोधनात १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांना विचारलं होतं. प्रत्येक वयाच्या माणसांना वाटत होतं की आपण बदलायचे तेवढे बदलून झालो, यापुढे फारसा फरक पडणार नाही. त्यामुळे वाट पाहून अचूक अंदाज येईल, असं नाही. वाट पाहिल्यानं उत्साहाचा भर ओसरतो, इतकंच. तेवढंही पुष्कळ आहे.

त्यासाठी एक साधी चाचणी: ठरलेलं चित्र खऱ्या मापात छापा आणि रोज दिसेल तिथे चिकटवा. सहा महिने मोजा. मधे चित्र, अक्षर किंवा जागा बदलावीशी वाटली, तर मोजणी पहिल्यापासून. जोडीदाराचं नाव या चाचणीत सहसा टिकत नाही.

शरीराचा हिशोब

सोळा आणि अठरा यांतला खरा फरक इथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. बहुतेक मुलींची उंची पंधरा-सोळापर्यंत जवळपास पूर्ण होते. मुलांची सतरा-अठरापर्यंत वाढत राहते, आणि खांदे, दंड, छाती त्यानंतरही भरतात. शाई त्वचेच्या वरच्या थरात नसते. तो थर सुमारे महिन्याभरात बदलत राहतो. शाई त्याच्या खालच्या थरात, साधारण १ ते २ मिलिमीटर खोल, पेशींमध्ये अडकून राहते. त्वचा ताणली की चित्रही ताणलं जातं. नुसता ताण फारसा दिसत नाही. खरी अडचण वाढीच्या पांढरट-जांभळ्या चट्ट्यांची आहे. ते रेषेच्या मधून गेले की रेष तुटते, आणि चट्ट्यावर शाई सारखी धरत नसल्यानं ती पुन्हा जोडणं अवघड जातं. मुलींत मांड्या आणि नितंब, मुलांत पाठीचा खालचा भाग, खांदे आणि व्यायाम करणाऱ्यांचे दंड या धोक्याच्या जागा. हाताची आतली बाजू, मनगटाच्या वरचा भाग आणि पाठीचा वरचा मध्यभाग त्या मानानं स्थिर असतात. बोटं आणि तळपाय कोणत्याच वयात नकोत. तिथे शाई लवकर विटते किंवा पसरते.

एक गोष्ट अठरापर्यंत थांबूनही बदलत नाही. कीलॉइड, म्हणजे जखमेपेक्षा मोठा वाढत जाणारा व्रण, दहा ते तीस या वयातच जास्त दिसतो, आणि गडद त्वचेत त्याचं प्रमाण अधिक असतं. छातीचा मध्य, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. कान टोचल्यावर गाठ आली असेल, लसीचा व्रण फुगलेला असेल किंवा घरात कोणाला हा त्रास असेल, तर वयाचा वाद बाजूला ठेवून आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

मुरमं ही या वयाची आणखी एक अडचण. पाठीवर किंवा खांद्यावर मुरमं असतील तर तिथे सुई नको. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाच्या गोळ्या चालू असताना आणि त्यानंतर सहा महिने बरेच आर्टिस्ट काम घेत नाहीत. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधं, हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तात्पुरत्या शाईचे प्रकार सारखे नाहीत

| प्रकार | रंग | किती टिकतं | अडचण |
|---|---|---|---|
| पाण्यानं चिकटणारं स्टिकर | कोणताही | २ ते ५ दिवस | कडा सुटतात, घामानं लवकर जातं |
| शुद्ध मेंदी | केशरी ते गडद तपकिरी | १ ते ३ आठवडे | टॅटूसारखी दिसत नाही |
| जगुआ | निळसर काळा | १० ते १५ दिवस | रंग चढायला २४ ते ४८ तास, क्वचित अॅलर्जी |
| 'काळी मेंदी' | गडद काळा, लगेच | टाळाच | फोड, व्रण, आयुष्यभराची अॅलर्जी |

शेवटच्या ओळीबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण पालक 'निरुपद्रवी' म्हणून नेमकं हेच करू देतात. मेंदी कधीच काळी नसते. तासाभरात काळाभोर रंग येत असेल तर त्यात बहुधा केसांच्या रंगातलं पॅराफेनिलीनडायअमीन मिसळलेलं असतं. हे रसायन त्वचेवर थेट लावायला युरोपीय संघात आणि अमेरिकेत मनाई आहे. फोड कधी दोन दिवसांत येतात, कधी दोन आठवड्यांनी. एकदा ही अॅलर्जी जडली की पुढे केस रंगवल्यावरही डोकं आणि चेहरा सुजू शकतो. कायमचा टॅटू नको म्हणून केलेली गोष्ट अशी कायमची होऊन बसते.

जगुआ हे एका उष्णकटिबंधीय फळाच्या रसापासून करतात, आणि खऱ्या टॅटूच्या सर्वांत जवळचा रंग त्यानंच येतो. हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा ठिपका लावून ४८ तास पाहा. खाज किंवा पुरळ नसेल तर ठरलेलं चित्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापात काढा. पंधरा दिवस ते बाहीखाली, आरशात आणि फोटोत कसं दिसतं, कोण काय बोलतं, हे कळतं. असं दोन-तीनदा केलं की जागेची निवड बऱ्याचदा बदलते. 'वर्षभरात आपोआप जाईल' अशी सुईनं टोचायची शाई मात्र तात्पुरत्या रकान्यात धरू नका. ती त्वचेच्या त्याच थरात जाते, आणि ठरल्या वेळी पूर्ण गेली नाही अशा तक्रारी आहेत.

स्टुडिओ आणि घरगुती सुई

चांगला आर्टिस्ट सुई ठरावीक खोलीवर ठेवतो. हातानं टोचताना ती खोली सांभाळता येत नाही. उथळ गेलं तर शाई खपलीबरोबर पडते, खोल गेलं तर खालच्या चरबीत पसरून रेषेभोवती निळसर धूसर वलय येतं. पेनातली शाई निर्जंतुक नसते. लायटरवर सुई तापवल्यानं ती भरवशानं निर्जंतुक होत नाही, वर काजळी बसते ती वेगळीच. एकच सुई दोघांत वापरली की हिपॅटायटिस बी आणि सी पसरायचा धोका असतो.

कारखान्यातली शाईही डोळे झाकून घेऊ नये. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे एकाच आर्टिस्टच्या १९ ग्राहकांच्या टॅटूवर हट्टी पुरळ आलं. करडी शाई बनवतानाच पातळ केलेली होती आणि तिच्यात मायकोबॅक्टेरियम शेलोनी हा जिवाणू सापडला. आर्टिस्टकडची स्वच्छता ठीक असूनही हे घडलं. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून अधिक रसायनांवर निर्बंध आणले. म्हणून शाईच्या बाटलीवर उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत असायलाच हवी. त्याचा फोटो काढून ठेवा.

खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी नजरेखाली घाला. सुईचं कार्ट्रिज तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघतं का? शाई छोट्या, एकदाच वापरायच्या कपात ओतली जाते का, आणि पातळ करायला निर्जंतुक पाणी वापरतात का? फोनला हात लावल्यावर हातमोजे बदलतात का? पुन्हा वापरायची उपकरणं असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, आहे का, आणि त्याच्या नियमित चाचणीची नोंद दाखवतात का? नुसतं उकळणं पुरेसं नाही.

सोळा-सतराला करायचंच ठरलं तर

हिपॅटायटिस बी लसीचे डोस पूर्ण आहेत का ते आधी बघा. नसतील तर नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिन्यांचं असतं, आणि तेवढ्यात चित्राची सहा महिन्यांची चाचणीही होऊन जाते. पहिला टॅटू तळहातापेक्षा लहान आणि एका बैठकीत होणारा असावा. पण फार बारीकही नको. ६-७ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची अक्षरं काही वर्षांत आतून भरून येतात आणि वाचता येत नाहीत. काळा रंग घ्या, कारण पुढे काढायची वेळ आली तर तोच सर्वांत सहज निघतो.

या वयात सुई पाहून भोवळ येण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून दीड-दोन तास आधी पोटभर खाऊन जावं. बधिर करणारं लिडोकेनचं क्रीम स्वतःच्या मनानं मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे. ते रक्तात शोषलं जाऊन ओठांना मुंग्या, चक्कर, हृदयाचे अनियमित ठोके असा त्रास होतो, आणि वजन कमी असेल तर लवकर होतो.

नंतर दिवसातून दोनदा सौम्य, बिनवासाच्या साबणानं धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि मलमाचा अगदी पातळ थर लावायचा. जाड थरानं खपली भिजते आणि शाई ओढून नेते. पोहणं आणि थेट ऊन तीन-चार आठवडे बंद. वरची त्वचा दोन ते चार आठवड्यांत भरते, आतली पूर्ण भरायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून स्पर्धेच्या किंवा परीक्षेच्या तोंडावर तारीख घेऊ नका. रक्तदान करणाऱ्यांना देशागणिक काही महिने ते वर्षभर थांबावं लागतं.

आणि नकोसा झाला तर?

"लेझरनं काढता येतो" हे वाक्य फार स्वस्तात वापरलं जातं. सहा ते दहा बैठका, कधी त्याहून जास्त, आणि दोन बैठकांत सहा ते आठ आठवड्यांचं अंतर. आठ बैठका धरल्या तरी वर्ष जातं. हिरवा, निळा आणि पिवळा चिवट असतात. पांढरा किंवा त्वचेच्या रंगाचा भाग लेझरनं उलट काळा पडू शकतो. गडद त्वचेवर फिकट किंवा काळे डाग राहण्याचा धोका जास्त, म्हणून तिथे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर वापरतात. घरगुती टॅटूत शाई कमी असल्यानं तो बऱ्याचदा लवकर निघतो, पण सुईनं झालेले व्रण लेझर पुसत नाही.

कोणी काय निवडावं

सोळा पूर्ण नसतील तर जगुआ किंवा स्टिकर, त्यापुढे काही नाही. सोळा-सतराच्या मुलीची उंची थांबली असेल, एकच चित्र सहा महिने टिकलं असेल, कायदा परवानगी देत असेल आणि पालक सोबत येत असतील, तर हाताच्या आतल्या बाजूला लहानसा काळा टॅटू नाकारण्याचं ठोस वैद्यकीय कारण आम्हाला दिसत नाही. त्याच वयाच्या, अजून उंची वाढणाऱ्या आणि व्यायामशाळेत नुकतंच नाव घातलेल्या मुलाला दंडावर किंवा छातीवर मोठं काम हवं असेल, तर अठराही लवकरच; वीस बरं. गणवेशाच्या नोकरीचा विचार असेल तर भरतीचे नियम वाचेपर्यंत कुठेच नको. पालकांनी नकार द्यायचा असेल तर तारखेसकट द्यावा: "अमुक महिन्यात, हे चित्र टिकलं तर, मी सोबत येतो." तारीख नसलेला नकार मुलाला मित्राच्या सुईकडे ढकलतो.

आणि ती सुई आधीच टोचून झाली असेल, तर ओरडण्याआधी साबण आणि वाहतं पाणी. त्यावर दुसऱ्यांदा टोचून दुरुस्ती करू देऊ नका. सुई आणखी कोणी वापरली होती का, हे शांतपणे विचारून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हिपॅटायटिस बीची लस राहिली असेल तर ती लगेच घेण्यातच फायदा असतो, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तेव्हाच बघितलं जातं. रक्ततपासणी एकदा आत्ता आणि डॉक्टर सांगतील तशी तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा, कारण पहिल्या दिवशीचा निर्दोष अहवाल कालच्या सुईबद्दल काहीच सांगत नाही. लाली रोज पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका.