सुटं व्याख्यान की मालिका? ऐकायला जाणाऱ्यासाठी थोडी तुलना

इतिहास, समाजशास्त्र, भाषाविज्ञान, राज्यशास्त्र अशा विषयांतलं नवं संशोधन संशोधकाच्याच तोंडून ऐकायचं ठरवलं की बहुधा दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे तासाभराचं सुटं व्याख्यान. नामवंत वक्ता, चटकन कळणारा विषय, आणि दीड तासात आपण मोकळे. दुसरी म्हणजे एकाच वक्त्याची, एकाच विषयावरची चार-सहा व्याख्यानांची मालिका. ती काही आठवडे चालते आणि त्यातलं एखादं आपलं हमखास चुकतं. दोन्हीकडे बरीच वर्षं जात आलो आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमची गरज वेगळी असू शकते हे धरूनच लिहितो.

आधी सुट्या व्याख्यानाची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स वार्षिक भाषणाला उभे राहिले, आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिन्ही भाषांचा उगम एकच असावा, ती मूळ भाषा कदाचित आज उरलीही नसेल, असं सांगून गेले. १८८२ साली फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रनाँ यांनी पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात राष्ट्र कशाने बनतं हा प्रश्न घेतला आणि वंश, भाषा, धर्म, भूगोल अशी एकेक उत्तरं बाजूला सारत नेली. १९१७ साली जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे ज्ञानसाधनेच्या पेशाबद्दल बोलले. ही सगळी एका बैठकीतली व्याख्यानं आहेत आणि अभ्यासक्रमांत ती आजही वाचली जातात. तेव्हा तासाभरात काय होणार, असं म्हणायची सोय नाही.

मात्र या व्याख्यानांनी श्रोत्यांच्या हाती नेमकं काय दिलं, ते बघावं. जोन्स यांनी एक अंदाज दिला, तोही मोजक्या वाक्यांत. क्रियापदांची रूपं शेजारी शेजारी ठेवून तो पद्धतशीर तपासण्याचं काम जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप यांनी १८१६ साली केलं, म्हणजे तीस वर्षांनी. १८९३ साली शिकागोत इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी अमेरिकेची घडण तिथल्या वस्तीच्या पश्चिमेकडे सरकत्या सीमेने झाली असा सिद्धान्त मांडला. पुढच्या पिढ्यांतले इतिहासकार तो खरा किती आणि खोटा किती यावर भांडत बसले. रनाँ आणि वेबर यांनी दिली ती भूमिका. तासाभराच्या व्याख्यानाला अंदाज, सिद्धान्त, भूमिका हे सगळं छान पेलतं. नवा प्रश्न पेरायला तर याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

अडचण पुढे येते. आज आपण ऐकायला जातो तेव्हा वक्त्याकडे बहुधा नुसती भूमिका नसते. दहा वर्षं दप्तरं चाळून किंवा माणसांच्या मुलाखती घेऊन त्याने काहीतरी शोधलेलं असतं. ते तासात बसवायचं, तर प्रास्ताविकात दहा मिनिटं जातात, विषय नवख्यांना कळावा म्हणून पार्श्वभूमीत वीस जातात, आधी कोण काय म्हणालं यात आणखी दहा. मग जिच्यासाठी आपण आलो ती जागा येते, वक्ता घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, ‘वेळेअभावी यात शिरत नाही.’

या एका शब्दाने माझा निर्णय केला. ‘वेळेअभावी’ नेहमी पुराव्यावरच येऊन पडतं. पार्श्वभूमीत ते कधी ऐकलं नाही आणि वक्त्याच्या परिचयात तर नाहीच नाही.

एक उदाहरण देतो. जमिनीच्या जुन्या नोंदवह्यांवरचं व्याख्यान होतं, वक्ते व्यासंगी, बोलणं रसाळ. पडद्यावर वहीचं एक पान आलं. एका पिढीपर्यंत बायकांची नावं मालक म्हणून दिसतात आणि पुढच्या पिढीत ती नाहीशी होतात. वक्त्यांनी प्रश्नही नेमका विचारला: जमीन बायकांच्या हातून गेली, की लिहिणाऱ्या कारकुनाने त्यांची नावं लिहिणं बंद केलं? सभागृह एकदम सावरून बसलं. सगळं संशोधन या एका प्रश्नावर उभं होतं. आणि नेमकं तिथेच वेळेअभावी पान उलटलं, निष्कर्ष आला, टाळ्या झाल्या. निष्कर्ष बरोबर असेलही. तो बरोबर का, हे मात्र मला अजून सांगता येणार नाही.

हे मी इतकं मनाला का लावून घेतो, याला कारण आहे. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांत निष्कर्षातून पुरावा काढून घेतला की उरतं ते फार विचित्र असतं. ‘लोक स्थलांतर करतात ते फक्त पोटासाठी नाही’ हे नुसतं ऐकलं तर एकाला वाटतं, यात नवं काय सांगितलं. दुसऱ्याला वाटतं, हे वक्त्याचं मत झालं, माझं वेगळं आहे. दोघंही तसेच घरी जातात. या विषयांत ‘काय सापडलं’ याच्या इतकंच, कदाचित थोडं जास्तच, ‘कशावरून म्हणता’ याला वजन आहे. सुट्या व्याख्यानाच्या घड्याळात नेमकी तिथेच कात्री लागते.

मालिकेत हे पुष्कळदा टळतं. स्थलांतरितांच्या मुलाखतींवरची एक मालिका आठवते. पहिल्या संध्याकाळी वक्त्या बाईंनी चित्र मांडलं. दुसऱ्या खेपेला सबंध तास त्यांनी मुलाखती कशा घेतल्या यावर घालवला. एकाच माणसाने घरी, थोरल्या भावासमोर, गाव सोडल्याचं एक कारण सांगितलं होतं आणि कामाच्या जागी एकट्याने दुसरंच. मग कोणतं धरायचं? दोन्ही का धरली, एक ‘खरं’ आणि एक ‘खोटं’ असं का म्हटलं नाही, हे त्या शांतपणे उलगडत गेल्या. पहिल्या दिवशी श्रोत्यांतून याच धर्तीचा प्रश्न आला होता, त्याला उत्तर म्हणून तो तास बेतलेला होता. सुट्या व्याख्यानात त्या प्रश्नाला ‘चांगला मुद्दा आहे’ एवढंच मिळालं असतं.

मोठ्या मालिकांचा इतिहासही हेच सुचवतो, निदान माझ्या वाचनापुरता. धर्म आणि तत्त्वज्ञानावरची गिफर्ड व्याख्यानं स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत १८८८ पासून चालू आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एडिंबरात १९०१-०२ मध्ये धार्मिक अनुभवांवर वीस व्याख्यानं दिली. त्यांत माणसांनी स्वतःच्या अनुभवाबद्दल लिहिलेले लांबच्या लांब उतारे आहेत. जेम्स ते पुढे ठेवतात, त्यांची प्रतवारी लावतात आणि मग बोलतात. पहिल्या व्याख्यानात तर ते पद्धतीचीच वाट साफ करतात: एखादा अनुभव शरीरात कुठून उगवला हे कळल्याने त्याचं मोल ठरत नाही. तासाभराच्या मापात हे सगळं एका ओळीचं विधान झालं असतं.

बीबीसीच्या रीथ व्याख्यानांचा प्रकार थोडा निराळा. १९४८ साली तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी सुरुवात केली तेव्हा ती रेडिओवरून ऐकवायची मालिका होती. १९९९ मध्ये समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स जागतिकीकरणावर बोलले ते लंडन, हाँगकाँग, दिल्ली आणि वॉशिंग्टन इथे, श्रोत्यांपुढे, प्रश्न घेत. एकेक व्याख्यान आखूड, पण एका दिवशी राहिलेला धागा पुढच्या दिवशी उचलता येतो. माझ्या मते मालिकेचा खरा फायदा हाच. एकूण तास जास्त मिळतात हे आहेच, पण दोन भेटींच्या मध्ये वक्त्याला आणि आपल्यालाही विचार करायला सवड मिळते.

आता मालिकेची उणी बाजू. ती मी झाकणार नाही. काही वक्ते एका व्याख्यानाचा ऐवज चार दिवस पुरवतात, आणि हे तिसऱ्या दिवशी कळतं, तोवर आपण अडकलेलो असतो. मधल्या व्याख्यानांना गर्दी ओसरते. रिकाम्या खुर्च्यांपुढे चांगला वक्ताही थोडा उतरतो. एखादं चुकलं की पुढचं अर्धवट कळतं. आणि मालिका आहे म्हणून संवाद होईलच असंही नाही. पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या संशोधनसंस्थेत ना नावनोंदणी लागते, ना परीक्षा असते, ना पदवी मिळते. चालू संशोधन कोणीही येऊन ऐकावं अशीच ती रीत आहे. तिथे १९७० च्या दशकात विचारवंत मिशेल फुको यांच्या व्याख्यानांना इतकी गर्दी होई की शेजारच्या दालनात ध्वनिक्षेपक लावावे लागत. श्रोते टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवून जात, वक्त्याशी बोलणं होणं दुर्मीळ. गर्दी कमी व्हावी म्हणून १९७६ साली त्यांनी संध्याकाळची वेळ बदलून सकाळची करून पाहिली. त्या टेपांवरूनच पुढे व्याख्यानं छापली गेली, म्हणजे आपला फायदाच झाला म्हणा. पण समोर बसलेल्याला चर्चा मिळाली नाही, हे खरं.

प्रश्नोत्तरांबाबत दोन्हींत फरक पडतो तो असा. सुट्या व्याख्यानानंतर वक्ता परत भेटणार नसतो, म्हणून प्रश्नाच्या नावाखाली भाषण करणाऱ्यांना ऊत येतो. आजच बोलून घ्यायचं असतं ना. मालिकेत हीच मंडळी दुसऱ्या दिवसापर्यंत निवळतात. का, ते नक्की सांगता येणार नाही, पण मी पाहिलं आहे ते असंच.

ध्वनिमुद्रणाचं म्हणाल तर ते दोन्हींचं मिळतं, तेव्हा त्यावर तुलना अडत नाही. फक्त श्रोत्याच्या हातात माइक नसेल तर उत्तर ऐकू येतं आणि प्रश्न येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग कोणी काय निवडावं? विषय तुम्हाला अगदी नवा असेल, तो आपल्याला रुचेल का हेच पाहायचं असेल, तर सुटं व्याख्यान पुरे. वक्ता संशोधनाचा हिशेब देण्याऐवजी एखादी भूमिका घेऊन उभा राहणार असेल, तरीही सुटंच बरं; भूमिका ताणली की पातळ होते. पण विषयाची थोडी ओळख आहे, मथळे वाचून झाले आहेत, आणि ‘हे यांना कळलं कसं’ हा प्रश्न मनात आहे, तर थोडी ओढाताण करून मालिकेला जावं असं मला वाटतं. घोषणेत प्रत्येक दिवसाचा वेगळा विषय दिला आहे का, ते आधी बघा. सगळ्या दिवसांना मिळून एकच मथळा असेल तर ऐवज पुरवून वाढला जाण्याची शक्यता जास्त, आणि अशा मालिकेपेक्षा मी सुटं व्याख्यान पत्करेन.

सगळे दिवस जमणारच नसतील तरी मालिका सोडून देऊ नका. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर पहिलं व्याख्यान टाळून दुसऱ्याला जा. पहिल्यात स्वागत, परिचय आणि पार्श्वभूमी असते, आणि त्याचा सारांश दुसऱ्याच्या सुरुवातीला बहुतेक वक्ते देतातच. नोंदवह्या, मुलाखती, आकडे बाहेर निघतात ते सहसा तिथून पुढे.