दापोलीतलं बचत गटाचं दुकान आणि आमच्या घराची थंडीची खरेदी

दापोलीच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडकडून चालत गेलं तर पाचेक मिनिटांवर, दोन खणांचं एक दुकान आहे. फलकावर ‘महिला बचत गट – घरगुती वस्तू’ एवढंच लिहिलेलं. आसपासच्या गावांतल्या बायका आपापल्या घरी जे करतात ते इथे विकायला येतं. यंदा थंडीची बहुतेक खरेदी मी ठरवून इथूनच केली. घरात माणसं पाच: सासू-सासरे, आम्ही दोघं आणि सहावीतला मुलगा. खर्चाची मर्यादा अडीच हजार.

निकाल आधीच सांगून टाकते. कोकमतेल डोळे मिटून घ्या. गोधडी जरूर शिवायला द्या, पण कापड स्वतः निवडून आणि हातात भरपूर वेळ ठेवून. कुळथाचं पीठ उत्तम. लोकरीचे मोजे आणि टोप्या मात्र इथून घेऊ नका.

पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना वाटतं की कोकणात कसली आलीय थंडी. हर्णैला किंवा मुरूडला किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं एक वेळ ठीक आहे, समुद्राच्या उबेमुळे तिथे रात्री पारा फार उतरत नाही. आमचं घर दापोलीला लागून, गिम्हवण्याला. दापोली वर डोंगरावर, समुद्र दिसतो पण त्याची ऊब काही इथवर पोचत नाही. काही वर्षी इथला पारा दहाच्याही खाली गेलेला आहे. त्यात पहाटेचा मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, तो अगदी कोरडा. चार महिने पावसात भिजलेली कातडी महिनाभरात तडकायला लागते. आणि घर कौलारू. उन्हाळ्यात ज्या फटींतून गरम हवा वर निघून जाते म्हणून आपण कौलांचं कौतुक करतो, त्याच फटींतून पौषात रात्रभर घराची ऊब जाते. सासरे मात्र थंडी पडली की खूश असतात, कारण हापूसला मोहोर यायला हीच थंडी लागते. आंब्याला हवी ती माणसाला सोसायची, म्हणून अंथरूण-पांघरूण आणि अंगाला लावायचं तेल या दोन गोष्टींची तयारी आमच्याकडे आधी होते.

तेलापासून सुरुवात करते, कारण या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे. कोकमतेल म्हणजे मुठीत वळलेला, अंड्याच्या आकाराचा, पिवळसर पांढरा, टणक गोळा. एक साधारण पन्नास ग्रॅमचा, किंमत ५० रुपये. एप्रिल-मे महिन्यांत कोकमं पिकतात तेव्हा सालींची आमसुलं होतात आणि बिया उरतात. त्या धुऊन, कडक उन्हात वाळवून, फोडून आतला गर कुटायचा किंवा दळायचा आणि भरपूर पाण्यात उकळायचा. तेल वर तरंगतं, निवलं की थिजतं, मग ते काढून पुन्हा वितळवून गोळे वळायचे. काम कष्टाचं आणि किलोभर बियांतून हाती येणारं तेल थोडं. हे माहीत असलं की ५० रुपये जास्त वाटत नाहीत.

टाचांच्या भेगांना हे इतकं लागू का पडतं, ते मला पटलं ते असं. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांच्या खाली थिजतं, म्हणून आमच्याकडे डिसेंबरात सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. पण अंगाला लावलं की लगेच पातळ होतं आणि तासाभरात मोज्याला नाही तर चादरीला लागून जातं. कोकमतेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपल्या कातडीच्या उबेपेक्षा जास्त. त्यामुळे नुसतं घासून ते पसरत नाही. पळीत किसून निखाऱ्यावर किंवा गॅसच्या अगदी मंद आचेवर पातळ करायचं आणि सोसेल इतकं कोमट असतानाच भेगेत सोडायचं. तिथे ते थिजतं आणि रात्रभर तिथेच राहतं. वर जुने सुती मोजे चढवायचे. सासूबाईंच्या टाचा, ज्या दर वर्षी मार्गशीर्षात चालताना दुखायच्या, आठवडाभरात मऊ झाल्या. मुलाच्या ओठांना मी ते निम्म्या खोबरेलात मिसळून डबीत भरून दिलं, म्हणजे बोटानं घेता येतं.

एक गोष्ट मनापासून सांगते. सासूबाईंना मधुमेह आहे. अशा माणसाच्या पायाची चीर खोल गेली, रक्त आलं किंवा सूज दिसली तर तेल लावून वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि तेल गरम करून लावताना आधी आपल्या मनगटावर बघा, कारण मधुमेहात पायाला चटका कधी कधी कळत नाही.

या गोळ्यांत उणीव आहे ती धुराच्या वासाची. चुलीवर उकळलेलं असल्यानं वास धरलेला असतो. आम्हाला त्याचं काही नाही, पण माझ्या नणंदेला तो सहन होईना. शिवाय एक गोळा वितळवल्यावर तळाशी बारीक काळपट गाळ बसला. सुती फडक्यातून गाळून घेतला की प्रश्न मिटतो, पण विकणाऱ्यांनीच तो गाळायला हवा. दुकानातल्या काकूंना सांगितलं तर त्यांनी लगेच मान्य केलं आणि गोळा बदलून दिला. औषधाच्या दुकानातल्या भेगांच्या मलमाची छोटीशी नळी शंभराच्या पुढे जाते आणि पाच माणसांत दहा दिवस पुरत नाही. हे चार गोळे आम्हाला माघ उजाडेपर्यंत पुरतील.

आता गोधडी. दुकानात तयार गोधड्याही आहेत, पण त्या घेऊ नका. त्यांच्या आतले थर दिसत नाहीत आणि एकीचा कोपरा चाचपला तर आत सरळसरळ पॉलिस्टर लागलं. आपलं कापड देऊन शिवून घ्या. मी दोन शिवून घेतल्या, सात बाय पाच फुटांच्या, एक मशीनवर आणि एक हातशिलाईची. मशीनची मजुरी ४५० रुपये, हातशिलाईची १,१००.

कापडाचा हिशेब लोक विचारतात म्हणून देते. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद. या मापाच्या गोधडीचे तिच्यात जवळजवळ दोन थर निघतात, अर्थात जोड देऊन. नऊवारीत तिसऱ्या थराला जेमतेम कमी पडतं. म्हणजे सहा थरांच्या गोधडीला तीन सुती साड्या आणि जोडाला थोडं कापड धरा. आमच्याकडे सासूबाईंच्या आईची दोन लुगडी ट्रंकेत होती, विरलेली पण काठ अजून घट्ट. ती वरच्या-खालच्या बाजूंना घातली. साड्या देण्याआधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन सड्यावर, म्हणजे उघड्या माळावर, कातळावर वाळवल्या. नवा रंग असेल तर तो आधी जाऊ द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी डागाळते. मी दोन सिंथेटिक साड्याही नेल्या होत्या, मध्ये घालायला म्हणून. शिवणाऱ्या वहिनींनी त्या बाजूला काढल्या. “ही अंगाला धरत नाही हो, रात्रभर घसरत राहते, आणि घाम तेवढा येतो,” म्हणाल्या. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं. सुती कापड आणखी लागेल म्हटलं तर गिऱ्हाईक नाराज होईल, म्हणून दुसरी कुणी गप्प बसली असती.

दोन्ही गोधड्या वापरून झाल्यावर फरक सांगते. मशीनच्या टाक्यांच्या ओळी चार-चार बोटांवर आहेत आणि टाका ताणून घातलेला, त्यामुळे थर एकमेकांवर दाबून बसलेत. अंथरायला ती छान, सपाट राहते, मुलानं कितीही लोळलं तरी गोळा होत नाही. पांघरायला मात्र थोडी कडक. हातशिलाईच्या गोधडीत ओळी बोटाबोटावर आहेत, पण टाका सैल, म्हणून दोन ओळींमध्ये कापड किंचित फुगतं. त्या फुगवट्यात हवा अडकते आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. सासऱ्यांनी पहिल्या रात्रीच ती आपल्याकडे घेतली. चारही कोपऱ्यांना त्रिकोणी तुकडे लावून मजबुती दिलीय, कारण गोधडी फाटायला लागते ती उचलताना धरतो तिथूनच. एके ठिकाणी ओळ वाकडी गेलीय, मला ती आवडते.

१,१०० रुपये मजुरी बघून आधी जड वाटेल. पण एवढ्या गोधडीवर हातानं टाके घालायला घरचं सगळं बघून कितीतरी दुपारी जातात. मला उलट ही मजुरी कमी वाटते. गटानं ती वाढवावी, देणारे देतील. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी मशीनची आहेच. रस्त्यावर गाड्यांवर मिळणारी जाड केसाळ ब्लँकेटं सातशे-आठशेला येतात, रंगीत दिसतात, पण आमच्या हवेत पहाटेच थंडी, दिवसा तीस अंशांच्या वर ऊन आणि समुद्राचा दमटपणा, त्यात ती कुबट वास धरतात आणि धुतली की दोन दिवस वाळत नाहीत. सोलापुरी चादर हा चांगला पर्याय, घरात दोन आहेतच, गोधडीच्या आत एक घेतली की कडाक्याच्या रात्रीसुद्धा पुरे होतं.

कुळथाचं पीठ अर्ध्या किलोला १२० रुपये, मी दोन पुड्या घेतल्या. कुळीथ नीट भाजलेला, साल बऱ्यापैकी काढलेली, पिठी करताना गुठळी होत नाही. लसणाची फोडणी, दोन आमसुलं, गरम भात. थंडीत आठवड्यातून तीन रात्री आमचं जेवण हेच.

मोजे १२० रुपयांना घेतले सासऱ्यांसाठी. नाव लोकरीचं, पण धागा खरखरीत आणि पहिल्या धुण्यात आटले. ते आता मुलाला होतात.

अंघोळीच्या पाण्याचं या दुकानाशी देणं-घेणं नाही, पण खर्चाचा विषय निघालाय म्हणून सांगते. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासपर्यंत तापवायला अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांचे रोजचे अडीच, महिन्याचे पंचाहत्तर-ऐंशी युनिट. घरचा वापर आधीच शंभराच्या जवळ असेल तर हे सगळे युनिट वरच्या दरात जातात, आणि तो दर बराच चढा आहे. माळ्यावर तांब्याचा बंब पडून होता, नळीपाशी गळायचा. ३५० रुपयांत डाग देऊन घेतला. नारळाची सोडणं (वरची साल), करवंट्या, चुडतं (वाळक्या झावळ्या) वाडीत पडलेलीच असतात. काजूची टरफलं तेवढी बंबात घालू नका, त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला फार वाईट.

सगळं मिळून खर्च २,४६० रुपये झाला. त्यातले साडेपंधराशे गोधड्यांचे, आणि त्या पुढची दहा वर्षं तरी राहतील.

दुकानाबद्दल दोन तक्रारी. एक म्हणजे वस्तूंवर तारीख नसते. पिठाच्या पुडीवर दळल्याची तारीख हवीच. दुसरी उशिराची. हातशिलाईची गोधडी दिवाळीच्या आधी मिळेल असं सांगितलं होतं, ती हाती आली मार्गशीर्षात, तोवर थंडी चांगलीच पडली होती. पण का उशीर झाला ते विचारलं तर उत्तर साधं होतं: शिवणाऱ्या सगळ्या भातकापणीला गेल्या होत्या. ऑक्टोबरात कापणी, मग झोडणी, त्या दिवसांत कुणाच्या हातात सुई येणार? दुकानानं ऑर्डर घेताना हे सांगायला हवं. तुम्हाला गोधडी हवी असेल तर दसऱ्याची वाट बघू नका. लावणी आटोपली की श्रावणात कापड देऊन या. तेव्हा बायका पावसामुळे घरी असतात, काम निवांत होतं आणि गोधडी घटस्थापनेच्या आत मिळते. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, पैसे मोबाइलवरून घेतात, आणि शिवण्याचं कापड नेलंत तर साड्यांची यादी कागदावर लिहून त्यांच्याकडून सही घ्या.